गायरानाची गणती

हुबळी-धारवाडच्या मुलखात कानडीत ज्यास गोमाळ म्हणतात, त्यालाच आपण मराठी माणसे गायरान म्हणतो. दोन्ही शब्दांत गाय आहे. सरकार कोठेच नाही. उतारा काढून पाहावा तर मालकाच्या रकान्यात सरकार आणि शेऱ्यात गोमाळ. या दोन रकान्यांमध्ये गेल्या पावणेदोनशे वर्षांत काय घडले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आमची सारी नोकरी महसुलाच्या कामात गेली. त्यामुळे हा इतिहास आम्ही नुसता वाचलेला नाही. त्यातले एखादे पान आमच्या हातचे आहे. ते ओघात येईल.

जुना अखंड धारवाड जिल्हा, म्हणजे १९९७ साली गदग व हावेरी वेगळे होण्यापूर्वीचा, डोळ्यांपुढे आणावा. पूर्वेस नवलगुंद-रोणची काळी राने, मध्यभागी तांबडी माती, पश्चिमेस कलघटगी-हानगलचा मलनाडी काठ. कापूस आणि ज्वारी काळ्या रानाची. गुरे मात्र माळाची आणि जंगलकाठाची. इंग्रजी अमलात १८४० च्या दशकात येथे विंगेटच्या देखरेखीखाली मोजणी झाली, प्रत्येक तुकड्यास नंबर पडला, आणि ज्यावर सारा बसत नव्हता ते सगळे एका सदरात जमा झाले : पडीक. नांगर लागत नाही म्हणून पडीक. त्या माळावर गावची शेकडो जनावरे पोसली जात होती, त्यांच्या शेणाने काळी राने पिकत होती, हे त्या सदरात मावणारे नव्हते. पुढे १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतील यादवीमुळे धारवाडच्या कापसास भाव चढला आणि माळाच्या कडा नांगराखाली जाऊ लागल्या.

मुंबई इलाख्याच्या १८७९ च्या जमीन महसूल कायद्याने मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद केली, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्याच कायद्याच्या ३९ व्या कलमाने हा हक्क ज्या गावास जमीन नेमून दिली त्याच गावच्या गुरांपुरता ठरवला. वरकरणी न्याय्य वाटते. पण मेंढरे घेऊन ऋतूप्रमाणे फिरणारा कुरुबर वा धनगर, जंगलकाठाने म्हशी राखणारा मराठी बोलणारा गवळी, यांचे गाव कोणते? ज्याचा पाय चालता त्याचा हक्क कागदावर कोठेच उतरला नाही. १८७१ चा कोंडवाड्याचा कायदा तर आधीच होता. चुकलेले जनावर सोडवायचे तर दंड भरावा. १८७८ च्या वनकायद्यानंतर डोंगरउतारही राखीव होऊ लागले. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात जंगलखात्याने कुणब्यांची गायराने गिळल्याची तक्रार आहे. १८९४ च्या वनधोरणाने जंगलांचे चार वर्ग पाडले व चौथा वर्ग कुरणांचा ठेवला. अनुक्रमांक सर्व काही सांगतो.

येथे थोडे दक्षिणेकडे वळावेसे वाटते, कारण सरकारास गवत सांभाळता येतच नाही असा समज होऊ नये. म्हैसूरच्या चिक्कदेवराज ओडेयर यांच्या काळी राजाच्या गुरांचे 'बेण्णे चावडी' नावाचे खाते उभे राहिले. टिपूच्या काळात त्यास 'अमृतमहाल' हे नाव मिळाले. या खात्याची राखीव कुरणे, त्यांस तिकडे कावल म्हणतात, उन्हाळी, पावसाळी आणि हिवाळी अशी वाटून दिलेली होती. कळप एका कावलातून दुसऱ्यात हलत राही आणि मागे राहिलेल्या गवतास बी धरण्यास अवधी मिळे. आज याच युक्तीस शास्त्रीय भाषेत फिरती चराई म्हणतात. झाशीच्या चारा संशोधन संस्थेचे दक्षिणेकडील केंद्र आपल्या धारवाडातच आहे. तेथील तज्ज्ञांनाही हे सूत्र नवे वाटणार नाही. शेडा, मारवेल यांसारखी बहुवर्षायू गवते वारंवार खुरटली की कुसळी वाढते, आणि कुसळीही टिकली नाही की उरतो खडा. असा खडा पाहून माळ मुळातच निकामी म्हणणे म्हणजे उपाशी माणसास जन्मजात रोडका ठरवण्यासारखे आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आले. १९६४ च्या नव्या कायद्यात जुनी तरतूद बहुतेक तशीच उतरली आणि १९६६ च्या नियमांपैकी ९७ व्या नियमाने तिला आकडा दिला : शंभर गुरांमागे १२ हेक्टर. गावात चारशे गुरे असतील तर ४८ हेक्टर गोमाळ राखावे. नियम चांगला. परंतु त्याचा उलटा अर्थ कचेरीत लवकर शिकतात : गुरे कमी दाखवावीत म्हणजे गोमाळ जास्त ठरते आणि जास्त ठरलेले वाटता येते.

आता आमचे पान. नव्वदच्या दशकात कलघटगीच्या बाजूच्या एका गावी गुरांच्या गणतीसाठी आम्ही गेलो. जीप भर दुपारी पोहोचली. गोठ्यांत आजारी, दुभत्या आणि नुकत्या व्यालेल्या म्हशी तेवढ्या होत्या. त्या आम्ही मोजल्या. एक वृद्ध गवळी काठी टेकून मागे मागे येत होता. तो मराठीत म्हणाला, "साहेब, गुरं मोजायची तर दिवेलागणीला या की. आता ती माळावर आहेत." ज्या माळाचा निकाल लावण्यासाठी आम्ही आलो होतो, त्याच माळावर ती चरत होती! आम्हांस सायंकाळी हुबळीस परतायचे होते. आकडा तोच लिहिला गेला, खाली आमची सही झाली. बारा हेक्टरांचा गुणाकार बरोबर होता आणि गोमाळाचा बराच भाग 'अधिक' ठरला.

हे लिहिताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या जमिनीचा काही हिस्सा ज्या भूमिहीन मजुरांना मिळाला त्यांच्याही चुली पेटायच्याच होत्या. कागदाविना कसणाऱ्यांच्या 'बगर हुकूम' जमिनी नियमित करण्याची तरतूद १९९१ पासून झाली. तीत अनेक गरिबांना प्रथमच सातबाऱ्यासारखा कागद मिळाला. गुरेवाला गरीब आणि भूमिहीन गरीब यांस एकाच तुकड्यासाठी समोरासमोर उभे करून मोठ्या धन्यांच्या जमिनी शांतपणे बाजूस ठेवल्या गेल्या, ही आमची तक्रार आहे, मजुरांविरुद्ध नाही.

मोठे धनी गायरानावरही आले होतेच. १९८४ मध्ये कर्नाटक सरकार आणि बिर्ला समूहाची हरिहर पॉलिफायबर्स यांनी मिळून कर्नाटक पल्पवूड लिमिटेड ही कंपनी स्थापिली : सरकारचे ५१ टक्के, कंपनीचे ४९. धारवाडसह चार जिल्ह्यांतील ३०,००० हेक्टर सार्वजनिक जमीन चाळीस वर्षांच्या भाड्याने द्यायची, एकरी वर्षास एक रुपया. तीवर निलगिरी लावायची आणि ८७.५ टक्के उत्पादन रेयॉनच्या कारखान्यास. निलगिरीच्या पानास गुरे तोंड लावत नाहीत, तिच्या सावलीत गवतही धड येत नाही.

याविरुद्ध उभी राहिली ती धारवाडची समाज परिवर्तन समुदाय ही संस्था, एस. आर. हिरेमठ यांच्या पुढाकाराने. ज्ञानपीठविजेते शिवराम कारंत यांचे नाव अग्रभागी घालून सर्वोच्च न्यायालयात अर्ज गेला आणि १९८७ मध्ये जमीन देण्यास मनाई मिळाली. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला हानगल तालुक्यातील कुसनूर येथे लोकांनी 'कित्तिको-हच्चिको' केले, म्हणजे उपटा आणि लावा. शंभर निलगिरीची रोपे उपटली आणि त्या जागी फळाची, चाऱ्याची झाडे लावली. या सत्याग्रहातला दुसरा शब्द आम्हांस फार मोलाचा वाटतो. उपटणे कोणासही येते. लावणारा 'आम्ही येथे राहणार आहोत' असे म्हणत असतो. १९९१ मध्ये कंपनी गुंडाळण्यात आली.

आम्ही त्या काळी नोकरीत नवखे होतो. ही वर्तमानपत्रे चावडीत सर्वांनी वाचली, चर्चाही झाली; आणि काही वर्षांनी आम्ही भर दुपारी म्हशी मोजल्या. मोठ्या कंपनीस हरवणारा कायदा आणि जीपच्या वेळेत उरकलेली गणती, ही एकाच मुलखातली आणि जवळजवळ एकाच दशकातली.

२८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंह विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यासाठी योजना आखण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. तो निकाल आम्ही कचेरीत बसून वाचला. त्या गावाची फाइल मागवावी असे मनात आले होते, मागवली नाही.

निवृत्तीनंतर एकदा त्या बाजूस जाणे झाले, मुद्दाम संध्याकाळी. गवळीवाड्यात म्हशी दावणीला होत्या, पुढ्यात विकतचा कडबा. एका पोराने विचारले, कोण पाहिजे? आम्ही म्हणालो, गुरे मोजायची होती. त्याने सहज मोजून सांगितले : अकरा. मग माळाच्या दिशेने हात करून म्हणाला, आजोबांच्या वेळी पुष्कळ होती.