शब्द, चेहरा आणि सूर : संगीत नाटकाचे कागदावर झालेले तीन तुकडे

१/
१९२७ साली बळवंत संगीत मंडळीने ‘रणदुंदुभी’ रंगभूमीवर आणले. नाटककार होते अमरावतीचे वीर वामनराव जोशी. त्यातील पदे गाजवली मास्टर दीनानाथ मंगेशकरांनी. दीनानाथांचे छायाचित्र आजही अनेकांना ओळखता येते. वामनरावांचे किती जणांना येईल? याचे कारण केवळ लोकप्रियतेत शोधून भागत नाही. जुन्या मासिकांची पानरचना, शाई आणि कागद यांचाही त्यात वाटा आहे.

२/
संगीत रंगभूमीला वऱ्हाडाने मोठे शब्दधन दिले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी अकोला, खामगाव आणि जळगाव-जामोद येथे वकिली केली. त्यांच्या ‘वीरतनय’ (१८९६) या नाटकाने पारशी-गुजराती रंगभूमीच्या वळणाच्या चाली मराठी पदांत आणल्या. वामनरावांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ १९१३ चे. कापसाच्या व्यापारामुळे पैसा खेळणाऱ्या या प्रांतात नाटक मंडळ्या दौऱ्यावर येत. मंडळी पुढच्या गावी गेली की रसिकाच्या हाती उरे तो छापील कागद.

३/
या कागदावर गायकाचा चेहरा आला तो हाफटोन ठशामुळे. छापखान्यातील खिळ्याला शाई लागते किंवा लागत नाही. मधली करडी छटा त्याला ठाऊक नाही. हाफटोनच्या पद्धतीत छायाचित्र बारीक जाळीतून टिपून त्याचे लहानमोठे ठिपके केले जात. मोठे ठिपके जवळ आले की सावली दिसे, लहान ठिपके विरळ झाले की उजेड. ही पद्धत युरोप-अमेरिकेत १८८० च्या दशकात रुजली. भारतात तिचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्यांत कोलकात्याचे उपेंद्रकिशोर राय अग्रणी होते.

४/
मात्र बारीक ठिपके खरखरीत कागदावर पसरतात आणि चेहरा काळवंडतो. त्यासाठी गुळगुळीत, चकचकीत कागद लागतो आणि तो महाग असतो. म्हणून मजकूर साध्या कागदावर छापला जाई आणि चित्रांची पाने वेगळ्या कागदावर छापून मध्ये शिवली किंवा चिकटवली जात. परिणामी नाटकाचे परीक्षण एका पानावर आणि त्यातील नटाचे छायाचित्र कित्येक पाने पुढे, असे घडे. ही मांडणी संपादकाच्या लहरीपेक्षा कागदाच्या किमतीने ठरलेली होती. त्यातून एक सवय मात्र लागली. चित्राचे पान सुटे होते, म्हणून ते कापून चौकटीत बसवणे सोपे होते. लेख रद्दीत जाई, चेहरा भिंतीवर राही.

५/
तो चेहरा गाताना टिपलेला क्वचितच असे. रंगमंचावरील उजेड त्या काळच्या कॅमेऱ्याला पुरत नसे आणि हलणारी आकृती पुसट येई. नट वेषभूषेसह स्टुडिओत जाई, रंगवलेल्या पडद्यापुढे उभा राही आणि काही क्षण निश्चल राही. म्हणून त्या काळच्या ‘गायक’ छायाचित्रांत ओठ बहुधा मिटलेले दिसतात. गाणे सुचवण्याचे काम हाताची ढब, मानेचा कल आणि चित्राखालची ओळ यांच्यावर येई : अमुक नाटकातील अमुक भूमिकेत अमुक. चित्राभोवती वेलबुट्टीची चौकट किंवा लंबगोल कड आली की स्टुडिओतील पोझ रंगमंचासारखी भासू लागे.

६/
रंगाचे गणित याहून विलक्षण होते. तिरंगी चित्रासाठी पिवळा, तांबडा आणि निळा असे तीन ठसे लागत आणि तोच कागद तीनदा यंत्रातून जाई. एवढा खर्च मासिकाला एखाद्या मुखचित्रापुरताच परवडे. त्यातही रंगीत छायाचित्रण दुर्मीळ असल्याने रंगीत पान बहुधा चित्रकाराच्या वाट्याला जाई. त्यामुळे पुराणातील नायिका रंगात अवतरे, आणि हजारोंनी प्रत्यक्ष पाहिलेला, ऐकलेला नट मात्र काळ्या, तपकिरी किंवा निळसर अशा एकाच शाईत छापला जाई.

७/
का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली आणि सचित्र अंक हा सणाचा भाग झाला. १९२६ साली पुण्यात निघालेले ‘रत्नाकर’ देखण्या छपाईसाठी नावाजले गेले. याच कालखंडात बालगंधर्वांचे स्त्रीवेषातील रूप छायाचित्रांतून घरोघरी पोहोचले आणि त्यांच्या नेसण्याचे, केशरचनेचे अनुकरण स्त्रिया करू लागल्या. ज्यांनी त्यांचा स्वर ऐकला नव्हता, त्यांनाही त्यांचा चेहरा ठाऊक झाला.

८/
येथे संगीत नाटकाचे तीन तुकडे झाले. शब्द पदांच्या पुस्तकात, चेहरा मासिकात आणि सूर तीन-साडेतीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकेत. रंगमंचावर हे तिन्ही एका क्षणी एकत्र येत. बाजारात ते वेगवेगळे विकले गेले. चेहरा आणि सूर गायकाच्या नावावर जमा झाले. नाटककाराच्या वाट्याला राहिला फक्त शब्द.

९/
दुसरी वाटही होती. १९४७ पासून निघणाऱ्या, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘संगीत कला विहार’ मासिकात स्वरलिपीला मानाचे स्थान होते. मात्रांच्या रकान्यांत बसवलेले स्वर हेच त्या पानाचे चित्र. असे पान भिंतीवर कोणी लावत नाही. पण जाणकाराला ते पाहून बंदिश गाता येते. छायाचित्राच्या पानाने चाहता घडवला, स्वरलिपीच्या पानाने विद्यार्थी.

१०/
ऑफसेट छपाईने मजकूर आणि चित्र एकाच कागदावर, एकाच वेळी आणले. जगभरच्या संगीत मासिकांत समोरासमोरची दोन पाने मिळून एकच दृश्य होऊ लागले. ‘रोलिंग स्टोन’ने जानेवारी १९८१ मध्ये जॉन लेनन आणि योको ओनो यांचे अॅनी लीबोविट्झने टिपलेले छायाचित्र मुखपृष्ठावर छापले, मासिकाच्या नावापलीकडे तेथे एकही मथळा नव्हता. १९९४ साली ‘रे गन’मध्ये डेव्हिड कार्सनने ब्रायन फेरीची मुलाखत चिन्हांच्या टंकात जुळवली, म्हणजे वाचताच येणार नाही अशी! चेहऱ्याने शब्दावर मिळवलेल्या विजयाचे ते टोक होते.

११/
हरवलेला रंग मराठी रंगभूमीला परत मिळाला तो कुंचल्यातून. १९६८ साली पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर उभे राहिले. तेथे गोपाळराव देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन तैलचित्रे आहेत. एक पुरुषवेषातील, एक स्त्रीभूमिकेतील. एका शाईत छापल्या गेलेल्या रूपाला चित्रकाराने पुन्हा रंग दिला. वामनरावांच्या शब्दांना असा सोहळा लाभला नाही. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेल्या या नाटककाराने पारतंत्र्यातील प्रेक्षकांपुढे ‘रणदुंदुभी’ ठेवले होते, हे नाट्यपदांच्या मैफलीत क्वचितच सांगितले जाते.

१२/
म्हणून जुना अंक चाळताना केवळ चेहरे पाहून थांबू नये. चकचकीत पान कोणाला मिळाले, रंग कोणाला मिळाला आणि साध्या कागदावर कोण राहिले, हेही पाहावे. जुन्या संगीत रंगभूमीतला वऱ्हाडचा वाटा बहुतेक त्या साध्या कागदावर आहे. तो पाहून कळत नाही, वाचावा लागतो.