मणि-मल्ल : खंडोबाच्या आख्यानातील खलनायक

मणि-मल्ल हे खंडोबाच्या (मल्हारी, मार्तंडभैरव) आख्यानातील दोन दैत्य बंधू होत. देवाने ज्यांचा वध केला, त्यांतील एक जण त्याच देवाच्या देवळात नैवेद्याचा मानकरी व्हावा, हे या आख्यानाचे वैशिष्ट्य असून खलनायक रंगविण्याची एक जुनी आणि प्रगल्भ रीत त्यात दिसते. नांदेड जिल्ह्यातील माळेगाव (ता. लोहा) हे मराठवाड्यातील खंडोबाचे प्रमुख क्षेत्र असून मार्गशीर्षाच्या अखेरीस तेथे मोठी यात्रा भरते. लातूर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, बीदरजवळ, आदिमैलार हे स्थान आहे. कर्नाटकात मैलार आणि तेलंगणात मल्लण्णा या नावांनी हाच देव पूजिला जात असल्यामुळे या सरहद्दीवर त्याच्या कथा मराठी, कन्नड व तेलुगू अशा तिन्ही भाषांत सांगितल्या जातात.

आख्यानाचा संस्कृत आधार म्हणजे मल्हारी माहात्म्य. हा ग्रंथ स्वतःला ब्रह्मांडपुराणाच्या क्षेत्रकांडाचा भाग म्हणवितो. त्या पुराणाच्या प्रमाण आवृत्त्यांत मात्र तो आढळत नाही. त्यातील कथेनुसार मणि व मल्ल यांना ब्रह्मदेवाकडून अजिंक्यतेचा वर मिळालेला असतो. त्या बळावर ते मणिचूर्ण पर्वतावरील ऋषींचे आश्रम उद्ध्वस्त करतात. ऋषी प्रथम इंद्राकडे व नंतर विष्णूकडे जातात. परंतु वरामुळे दोघांचाही इलाज चालत नाही. अखेर शिव मार्तंडभैरवाचे रूप घेऊन युद्धास निघतो. येथे खलनायकाचे सामर्थ्य चोरीचे किंवा कपटाचे नाही, ते देवानेच दिलेले आहे. त्यामुळे संकटाची जबाबदारी काही अंशी देवलोकावरही येते आणि दैत्य केवळ क्रूर न राहता त्यांना वजन प्राप्त होते.

आख्यानाचा खरा कस लागतो तो दोघांच्या मृत्युप्रसंगी. मणि पश्चात्ताप पावून आपला पांढरा घोडा देवाला अर्पण करतो आणि मागणे मागतो : खंडोबाच्या प्रत्येक देवळात आपणास जागा असावी, मानवजातीचे कल्याण व्हावे व आपणास बोकडाचा नैवेद्य मिळावा. हे मागणे मान्य होते. मल्ल मात्र जगाचा नाश आणि नरमांस मागतो. देव क्रुद्ध होऊन त्याचा शिरच्छेद करतो. त्याचे मस्तक देवळाच्या पायरीशी पडते व भक्तांच्या पायांखाली येते. एकाच अपराधाचे दोन भागीदार शेवटच्या क्षणी काय बोलतात, यावरून त्यांची गती ठरते. पायरीखाली गेलेल्या मल्लाचे नावही पुसले गेले नाही. ‘मल्लारि’ म्हणजे मल्लाचा शत्रू, आणि त्याच नावाने देवाचा जयजयकार होतो. खंडोबा ज्या घोड्यावर आरूढ दिसतो, तोही शत्रूचीच देणगी होय. माळेगावच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो, हे या संदर्भात सहज आठवते.

लोकपरंपरेत या कथेची अनेक रूपे आहेत. काहींत मणिमल्ल नावाचा एकच दैत्य आहे. काहींत मणीच्या रक्ताच्या प्रत्येक थेंबातून नवा दैत्य उभा राहतो. म्हाळसा व बाणाई रक्त झेलण्याचा प्रयत्न करतात, पण तो निष्फळ ठरतो आणि अखेर देवाचा कुत्रा सर्व रक्त पिऊन टाकतो. वाघ्या-मुरळींच्या जागरणात युद्धापेक्षा म्हाळसा-बाणाईचे भांडणच अधिक रंगते, हेही नमूद केले पाहिजे. मणि-मल्ल म्हणजे एखादी पराभूत स्थानिक सत्ता असावी, असा तर्क करण्याचा मोह होतो. परंतु केवळ आख्यानाच्या आधारे असा इतिहास रचणे धाडसाचे आहे. रा. चिं. ढेरे व गुंथर सोंथायमर यांच्या खंडोबाविषयक अभ्यासामुळे या दैवताचे ग्रंथगत व लोकगत असे दोन्ही स्तर प्रकाशात आले.

वराने बळावलेल्या असुराशी झुंज हा साचा व्हिडिओ खेळांतही आला आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या राजी या खेळात महाबलासुराच्या सेनेने पळविलेल्या भावाच्या शोधात एक मुलगी देवांनी दिलेल्या शस्त्रांनिशी लढते. दुर्गा व विष्णू यांच्या संवादातून होणारे निवेदन पुराणांच्या संवादचौकटीची आठवण देते. लढत खेळता खेळता पात्राचे सामर्थ्य वाढवीत नेणाऱ्या भूमिकाप्रधान खेळांत खलनायकाचा विचार याहून खोलवर झाला आहे. अमेरिकेतील डायब्लो (1996) या खेळाच्या अखेरीस विजयी वीर दैत्याचा आत्मा असलेला मणी स्वतःच्या कपाळात खुपसतो आणि पुढील भागात तोच दैत्याचे वाहन बनतो. जपानी डार्क सोल्स (2011) मधील अंतिम प्रतिस्पर्धी ग्विन हा अग्नियुग टिकविण्यासाठी स्वतःला जाळून घेतलेला, राखेत उरलेला राजा आहे. त्याच खेळात पराभूत शत्रूंच्या आत्म्यांपासून शस्त्रे घडविता येतात. ही प्राप्ती मणीच्या घोड्याच्या जवळची आहे. मात्र मणीने घोडा स्वतः अर्पण केला आणि मोबदल्यात देवळात जागा मागून घेतली, तर या खेळात खेळाडू शत्रूचा आत्मा परस्पर उचलून पुढे जातो.