एचआयव्ही : औषध चालू असताना जोडीदाराला लागण होते का?

घरात कुणाला एचआयव्ही निघाला की पहिला प्रश्न येतो, आता मियाँ-बीवीचं काय? शरमेमुळे तो डॉक्टरांना विचारला जात नाही. म्हणून आम्ही इथे साफ लिहितो.

एआरटीच्या गोळ्या रोज घेतल्या की विषाणूची वाढ थांबते. साधारण सहा महिन्यांत त्याचं रक्तातलं प्रमाण इतकं घटतं की व्हायरल लोड तपासणीत तो सापडत नाही. ही स्थिती टिकून असेल तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

युरोपातल्या 'पार्टनर' अभ्यासात एक बाधित, दुसरा निरोगी अशी जोडपी होती. २०१६ साली निष्कर्ष आले. कंडोमशिवाय सुमारे ५८,००० वेळा संबंध येऊनही बाधित जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नव्हती. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही हीच गोष्ट सांगितली.

मात्र गोळ्या सुटल्या की विषाणू परत वाढतो. बरं वाटतंय म्हणून औषध बंद करू नये. रोजे ठेवायचे असतील तर गोळीची वेळ आधीच डॉक्टरांना विचारून घ्यावी. इतर गुप्तरोगांपासून या गोळ्या वाचवत नाहीत, आणि रक्तदानही करता येत नाही.

सरकारी एआरटी केंद्रात औषध मोफत मिळतं. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे. निकाहाआधी ही गोष्ट लपवू नये. पण ती कळली म्हणून माणसाला तोडूही नये.