हर्णै बंदर : शिडांच्या दिवसांतले

भूगोलाच्या तासाला आपण 'खारे वारे, मतलई वारे' घोकून पाठ केले. दापोली तालुक्यातल्या हर्णै बंदरावरच्या आपल्या सोबत्यांना ते घोकावे लागले नाहीत. त्यांच्या घरचे वेळापत्रकच त्या वाऱ्यांवर चाले. पहाटे जमिनीवरून सुटणाऱ्या मतलईवर शीड उभारून होड्या बाहेर पडत, दुपारनंतर खाऱ्या वाऱ्याने परतत. मग किनाऱ्यावर मासळीचा लिलाव. पावसाळ्यात मचवे शाकारलेले. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की पुन्हा समुद्र. मुंबईची आगबोट खोल पाण्यात थांबे, तेव्हा उतारूंना पडावातून किनाऱ्याला आणणारेही हेच.

समोरचा सुवर्णदुर्ग १७५५ साली कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, एवढे इतिहासात आले. आंग्र्यांची गलबते हाकणारे तांडेल-खलाशी याच कोकणपट्टीतले होते, हे मात्र कुणी सांगितले नाही. (गुरुजनांनी राग मानू नये!)

पुढे इंजिने आली, शिडे गेली.

घटक चाचणीत भूगोलात नापास झालेला आमच्या बाकावरचा मित्र त्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर वडिलांच्या मचव्यावर गेला, तो शाळेत परतलाच नाही. मेळाव्याच्या यादीत त्याचे नाव नव्हते. मी ते घालायला सांगितले आहे.