गिरडचे नारळ आणि वाळलेली पानं

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात, गिरडच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांच्या नावाचा दर्गा आहे. तिथे विखुरलेल्या गोलसर गोट्यांची कथा इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरने नोंदवून ठेवली आहे. दोन बंजाऱ्यांनी फकिराची टिंगल केली, तेव्हा त्याने त्यांचे नारळ आणि बाकीचा माल दगड करून टाकला. ते शरण आले, तसा वाळलेल्या पानांतून नवा माल घडवून दिला. भाविकाला यात शाप आणि उःशाप दिसतो. मला ही टेकडीच्या झाडोऱ्याची जुनी नोंद वाटते. नारळ काही इथल्या मुरमाड बरडावरचा नव्हे. तो दूरच्या किनाऱ्यावरून लदेणीच्या बैलांवर यायचा. पाचोळा मात्र इथला. साग, पळस, तेंदू, मोह अशा पानझडी रानात ऐन उन्हाळ्यात पायाखाली दुसरं असतं तरी काय? कथेने परक्या फळांचे दगड केले आणि घरच्या पानांना मोल दिलं.

इतिहासकार म्हणेल, दंतकथा फरीदांना १२४४ साली गिरडला आणते. पण बाबा फरीद तर पंजाबातल्या अजोधनला, म्हणजे आजच्या पाकपट्टणला राहिले आणि तिथेच वारले. मान्य. पण फकीर कुणीही असो, गोटे आणि पाचोळा रोज पाहणारे लोक गिरडचेच होते, आणि साक्ष घ्यायची ती त्यांची. भूगर्भशास्त्राचा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे गोटे झिओलाईटचे. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पाण्याने वाहून आणलेली खनिजं साचली. फळाचा संबंध नाही. खरंच नाही. मात्र अशा भरलेल्या पोकळ्यांना शास्त्रज्ञांनी दिलेलं नावही ग्रीक भाषेतल्या बदामावरूनच आलं आहे, तेव्हा गिरडकरांच्या नारळाला हसण्याचं कारण नाही. शिवाय याच दख्खनी लाव्ह्याच्या थरांमध्ये, छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कला इथे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची खरीखुरी दगड झालेली फळं सापडली. १९४० च्या दशकात पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी तिथल्या फळांवर लिहिलं. त्या थरांत निपाचंही फळ आहे, आणि निपा म्हणजे खाडीकाठी वाढणारा, नारळाच्या कुळातला ताड.

पाचोळा तर कुठल्याही रानात असतो, त्यात गिरडचं काय, असंही कुणी म्हणेल. असतो, पण पानाचा माल होतो हे रानाकाठच्या माणसाला आधी ठाऊक. पळसाच्या पत्रावळी जुन्याच. पुढे विडीसाठी वाळवलेल्या तेंदूपानाला एवढा भाव आला की १९६९ च्या कायद्याने राज्य सरकारने तो व्यापार आपल्या हाती घेतला. कथेतले बंजारे मात्र पानांचा माल लादून पुढे गेलेच नाहीत. ते फकिराच्या सेवेत राहिले, आणि टेकडीवरच्या दोन कबरी त्यांच्याच म्हणून सांगतात.