बागबाजारचा मांडव आणि सेवाकराची वजावट

उत्तर कोलकात्यातील बागबाजारचा सार्वजनिक दुर्गोत्सव 1919 च्या सुमारास नेबुबागान भागात सुरू झाला, आणि अशा उत्सवांचे मांडव उभारणे हा पुढे त्या शहरातला मोठा हंगामी धंदा बनला. या मांडव-शामियान्याच्या ठेक्यावर केंद्र सरकारने 10 सप्टेंबर 2004 रोजी सेवाकर लागू केला, आणि सेनव्हॅट क्रेडिट नियमही त्याच दिवशी अमलात आले. धंद्यासाठी घेतलेल्या मालावर वा सेवांवर आधीच आकारला गेलेला केंद्राचा कर स्वतःच्या देण्यातून वजा करण्याची मुभा म्हणजे हे क्रेडिट होय. राज्याचा मूल्यवर्धित कर त्यात धरला जात नसल्याने तो खर्चातच जिरत असे.

खरी अडचण कर थकल्यावर येई. नियम 3(4) च्या परंतुकानुसार, ज्या महिन्याचे किंवा तिमाहीचे देणे असेल तिच्या अखेरच्या दिवशी शिल्लक असलेले क्रेडिटच त्या देण्यापोटी वापरता येई, मग भरणा कितीही उशिरा होवो. 2011 साली विजयादशमी 6 ऑक्टोबरला आली, आणि एकट्या मालकाच्या वा भागीदारीच्या पेढीला जुलै-सप्टेंबर तिमाहीचा कर ऑनलाइन भरण्याची मुदतही त्याच दिवशी संपत होती. सप्टेंबरात मंडळाकडून मिळालेली आगाऊ रक्कम करपात्र होती, पण ती बांबू, कापड आणि कारागिरांच्या मजुरीत संपून गेली आणि रोषणाईच्या उप-ठेकेदाराचे बीजक विसर्जनानंतर हाती पडले, तर त्यावरचे क्रेडिट ऑक्टोबरचे ठरे व सप्टेंबरची थकबाकी रोखीनेच फेडावी लागे. उशिराच्या भरण्यावर सेवाकराच्या कलम 75 खाली लागणारे व्याजही क्रेडिटमधून चुकवता येत नसे. त्याचा दर 1 एप्रिल 2011 पासून 13 वरून 18 टक्क्यांवर गेला होता, जरी 60 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांना त्यात 3 टक्क्यांची सूट होती. क्रेडिटच्या वापरावरची ही मर्यादा नसती तर पुढचे क्रेडिट जमेपर्यंत कर लांबवण्याची सवय लागली असती, हे खरे. तथापि ज्या धंद्याची वर्षाची कमाई चार-पाच आठवड्यांत गोळा होते, त्याच्यावर तिमाहीची ही काटेकोर सीमारेषा अन्यायच करीत होती.

1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि केंद्र व राज्य या दोन्ही करांची वजावट एका चौकटीत आली. उशिरा, परंतु कारवाई सुरू होण्यापूर्वी भरलेल्या विवरणपत्रावरील व्याज फक्त रोख खात्यातून चुकवलेल्या रकमेवरच आकारावे, ही तरतूद 2021 च्या वित्त कायद्याने 1 जुलै 2017 पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू झाली.