काबुयाव

काबुयाव हे फिलिपिन्सच्या लागुना प्रांतातील एक औद्योगिक शहर आहे. राजधानी मनिलाच्या दक्षिणेस सुमारे ४३ किलोमीटरवर, लागुना दे बाय या देशातील सर्वांत मोठ्या सरोवराच्या पश्चिम काठावर ते वसले आहे. २०२० च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या ३,५५,३३० होती. ४ ऑगस्ट २०१२ रोजी झालेल्या सार्वमतानंतर काबुयावला शहराचा दर्जा मिळाला. तत्पूर्वी 'फिलिपिन्समधील सर्वांत श्रीमंत नगरपालिका' असा त्याचा लौकिक होता.

नाव

काबुयाव हे एका लिंबूवर्गीय झाडाचे तागालोग नाव आहे. स्पॅनिश आगंतुकांनी गावाचे नाव विचारले असता प्रश्न झाडाविषयी आहे असे समजून स्थानिक स्त्रियांनी झाडाचे नाव सांगितले आणि तेच रूढ झाले, अशी आख्यायिका आहे. त्यापूर्वी ही वसाहत ताबुको या नावाने ओळखली जाई.

भूगोल

शहराचे क्षेत्रफळ सुमारे ४३ चौरस किलोमीटर आहे. उत्तरेस सांता रोसा, दक्षिणेस कालांबा, पूर्वेस सरोवर आणि पश्चिमेस काविते प्रांतातील सिलांग अशा त्याच्या सीमा आहेत. सरोवराकाठचा भाग सखल असून पश्चिमेकडे कासिले परिसरात जमीन डोंगराळ होत जाते. शहरात १८ बारांगाय आहेत. बारांगाय हा फिलिपिन्समधील स्थानिक शासनाचा सर्वांत लहान घटक होय.

इतिहास

१५७१ मध्ये मिगेल लोपेस दे लेगास्पी यांच्या काळात ताबुको स्पॅनिश सत्तेखाली आले. त्या वेळी त्याचा विस्तार बराच मोठा होता. बिन्यान, सांता रोसा व कालांबा ही आजची शेजारी शहरे पूर्वी त्याच परिसरात मोडत. कालांतराने ती वेगळी होत गेली आणि काबुयावच्या वाट्याला लहानसा भूभाग उरला. क्षेत्रफळाची ही मर्यादा पुढे शहराच्या दर्जाच्या प्रश्नात महत्त्वाची ठरली.

अर्थव्यवस्था

मनिलाशी जोडणाऱ्या दक्षिण लुझॉन द्रुतगती मार्गामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे कारखानदारी वाढली. नेस्ले, एशिया ब्रुअरी आदी कंपन्यांचे कारखाने येथे आहेत. दिएस्मो येथील 'लाइट इंडस्ट्री अँड सायन्स पार्क' या औद्योगिक वसाहतीत निर्यातप्रधान उद्योग चालतात. कारखान्यांकडून मिळणारे कर हे स्थानिक उत्पन्नाचे मुख्य साधन बनले.

या भरभराटीला संघर्षाची बाजूही आहे. नेस्लेच्या कारखान्यातील कामगारांनी २००२ मध्ये संप पुकारला. हा वाद चालू असतानाच कामगार संघटनेचे अध्यक्ष दियोसदादो फोर्तुना यांची सप्टेंबर २००५ मध्ये गोळ्या घालून हत्या झाली.

शहराचा दर्जा

फिलिपिन्समध्ये केवळ लोकवस्ती वाढली म्हणून गाव शहर ठरत नाही. त्यासाठी संसदेचा स्वतंत्र कायदा आणि स्थानिक मतदारांची संमती लागते. २००१ च्या कायद्याने (प्रजासत्ताक अधिनियम ९००९) उत्पन्नाची अट २ कोटी पेसोंवरून १० कोटींवर नेली. हे उत्पन्न स्थानिक साधनांतून मिळालेले असावे लागते. केंद्राकडून येणारा निधी त्यात धरला जात नाही. याशिवाय त्या काळी १,५०,००० लोकसंख्या किंवा १०० चौरस किलोमीटर क्षेत्रफळ यांपैकी एक अट पूर्ण करावी लागत असे.

काबुयावला क्षेत्रफळाची अट पूर्ण करणे अशक्य होते, म्हणून लोकसंख्या निर्णायक ठरली. २००० मध्ये ती १,०६,६३० होती. २००७ मध्ये ती २,०५,३७६ झाली, म्हणजे सात वर्षांत जवळजवळ दुप्पट. रोजगारासाठी आलेल्या कुटुंबांनी आणि नव्या गृहवसाहतींनी ही अट पूर्ण केली.

दर्जाला महत्त्व येण्याचे कारण निधीवाटपात होते. स्थानिक संस्थांसाठीच्या केंद्रीय महसुलापैकी २३ टक्के शहरांना आणि ३४ टक्के नगरपालिकांना मिळतात. परंतु शहरे सुमारे दीडशे, तर नगरपालिका जवळपास दीड हजार आहेत. साहजिकच प्रत्येक शहराचा वाटा मोठा असतो आणि नव्या शहरामुळे जुन्यांचा वाटा घटतो. २००७ मध्ये उत्पन्नाच्या अटीतून सूट देऊन १६ नगरपालिकांना शहरे करण्यात आले, तेव्हा शहरांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली. सर्वोच्च न्यायालयाने २००८ ते २०११ या काळात निर्णय अनेकदा फिरवून अखेर ते कायदे वैध ठरवले. काबुयावला मात्र अशा सवलतीची गरज पडली नाही.

१६ मे २०१२ रोजी राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो आकिनो तृतीय यांनी प्रजासत्ताक अधिनियम १०१६३ वर स्वाक्षरी केली आणि ऑगस्टमधील सार्वमतात मतदारांनी त्यास मान्यता दिली. सांता रोसा (२००४) व बिन्यान (२०१०) यांच्यानंतर शहर झालेले हे लागुनामधील पुढचे गाव होय. 'सर्वांत श्रीमंत नगरपालिका' हे बिरुद त्याच दिवशी संपुष्टात आले.

प्रशासन

काबुयाव हे प्रांतांतर्गत शहर आहे. त्यामुळे येथील मतदार लागुनाच्या प्रांतिक निवडणुकांतही मतदान करतात. प्रतिनिधिगृहासाठी ते लागुनाच्या दुसऱ्या मतदारसंघात येते.